कुंपणाच्या आतले कान

महाराष्ट्रात आवाजाचा विषय निघाला की सगळे घड्याळाकडे बघतात. दहा वाजले का, पोलीस आले का, परवानगी बारापर्यंतची आहे का, वर्षातले सवलतीचे पंधरा दिवस यंदा कुठल्या सणांना मिळाले. या घड्याळाने बरीच भांडणं मिटवली आणि जाता जाता काही चांगल्या गोष्टीही नेल्या. १९५३ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात शेवटच्या सत्राला पहाट व्हायची. मध्यरात्रीनंतरचे राग मध्यरात्रीनंतर ऐकायला मिळायचे. दहाच्या नियमाने ती रात्र संपवली, आणि शेजारच्या इमारतीत झोपलेल्या माणसाचा विचार केला तर ते बरोबरच झालं असंही म्हणता येईल. पण मंडपात, हॉलमध्ये, नाट्यगृहात तिकीट काढून बसलेल्या माणसाच्या कानाचं काय, हा प्रश्न या सगळ्या वर्षांत जवळजवळ कुणी विचारलेला नाही.

सन २००० चे ध्वनिप्रदूषण नियम काढून बघा. निवासी भागासाठी दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सार्वजनिक जागेत स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. खासगी जागेला ५ डेसिबलची सूट. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद; अपवाद बंदिस्त जागांचा, म्हणजे सभागृह, कम्युनिटी हॉल, बँक्वेट हॉल. आतल्या आत ऐकू यावं म्हणून तिथे रात्रीही वाजवता येतं. सगळी मोजणी हद्दीवरची, म्हणजे कुंपणावरची. कुंपणाबाहेर झोपलेल्याला संरक्षण आहे, आत बसलेल्याला नाही. हॉलच्या भिंती जाड असल्या, दारं घट्ट असली, तर आत ११० डेसिबलचा लाइव्ह बँड वाजवूनही या नियमांप्रमाणे मालक निर्दोष. उलट जितका कोंडून वाजवाल तितके तुम्ही कायदा पाळणारे.

माझं म्हणणं असं, की आतल्या आवाजालाही मर्यादा हवी आणि ती पाळण्याची जबाबदारी मिक्सरवर, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर, बसलेल्या ऑपरेटरची आणि त्याला पैसे देणाऱ्याची असावी. ऐकणाऱ्याने कानात बोळे घालून ती निभवावी, हे आजचं गृहीतक उलटं आहे.

हे बोललं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘सहन होत नसेल तर येऊ नका.’ कॉलेजच्या फेस्टला किंवा गोव्यात वागातोरला नाचायला जाणाऱ्या पोरांपुरतं हे उत्तर चालूनही जाईल. पण आपल्याकडे लाइव्ह बँड बहुतेक माणसं अशा ठिकाणी ऐकतात जिथे न जाणं शक्य नसतं. भाचीचं रिसेप्शन असतं, सोसायटीचं स्नेहसंमेलन असतं, कंपनीचा वार्षिक कार्यक्रम असतो. संगमरवरी फरशी, एका बाजूला काचा, खाली ओढलेलं पीओपीचं छत, आणि कोपऱ्यात चार जणांचा बँड, ज्याचे स्पीकर पाचशे माणसांच्या मैदानाला पुरतील. अशा खोलीत आवाज शोषणारी एकच गोष्ट असते, पाहुण्यांचे अंगावरचे कपडे. बाकी सगळं आवाज परत फेकतं. काका पुतण्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडतात, ‘जेवलास का?’ पुतण्या मान डोलावतो, कारण त्याला ‘कधी आलास?’ असं ऐकू आलेलं असतं. आजोबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलेलं असतं. आणि बँड वाजतो म्हणून माणसं ओरडतात, माणसं ओरडतात म्हणून बँडवाला आवाज वाढवतो. रात्री साडेनऊला ही चढाओढ कुठे पोचलेली असते ते जेवणाच्या रांगेतल्या कुणालाही विचारा, म्हणजे ऐकू गेलं तर.

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे आणि त्याला मान द्यायला हवा. काही संगीत मोठ्यानेच ऐकायचं असतं. बेस छातीत जाणवला पाहिजे, बासरीसारखा कानाजवळ रेंगाळून चालणार नाही. यात शास्त्रही आहे. खालच्या पट्टीतले स्वर आपल्या कानाला कमी आवाजात फार क्षीण वाटतात. आवाज वाढला की तेच भरदार होतात. म्हणून घरच्या छोट्या स्पीकरवर जे गाणं पातळ वाटतं ते मैदानात अंगावर येतं. हा आनंद खरा आहे. मलाही तो हवा असतो. पण यातून ९५ डेसिबलचं समर्थन होतं, १०८ चं होत नाही. शिवाय कानाला त्रास प्रामुख्याने होतो तो वरच्या पट्टीतल्या कर्कश भागाचा, झांजेचा, माइकमधल्या ‘स’ आणि ‘श’ चा, किंचाळणाऱ्या कीबोर्डचा. छातीतली धडधड ठेवून तेवढा भाग खाली आणणं चांगल्या ऑपरेटरला जमतं. ज्याला जमत नाही तो सगळंच वर नेतो.

आता मंचावर नेमकं काय होतं ते बघू, कारण खरी गोम तिथे आहे. पाश्चात्त्य रॉक बँडकडे एक सबब आहे: ड्रमसेट विजेशिवायच इतका मोठा वाजतो की बाकीच्यांना त्याच्या वर जावं लागतं. ड्रमरच्या कानाशी आवाज शंभरच्या पुढे जातो, गिटारवाला अँप (अँप्लिफायर) वाढवतो, गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मॉनिटर, म्हणजे कलाकारांकडे तोंड केलेला मंचावरचा स्पीकर, वाढतो, मॉनिटरचा आवाज प्रेक्षकांत सांडतो आणि तो झाकायला बाहेरचे स्पीकर आणखी वर जातात. १९६५ साली बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये वाजवत होते तेव्हा मंचावर मॉनिटरच नव्हते. पन्नास हजारांवर लोकांच्या किंचाळण्यात त्यांना स्वतःचंच वाजवणं धड ऐकू येत नव्हतं. तिथून पुढे दहा-अकरा वर्षांत उलटं टोक आलं. १९७६ मध्ये लंडनमधल्या ‘द हू’ या रॉक बँडच्या कार्यक्रमात स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजले गेले आणि तो जागतिक विक्रम म्हणून नोंदला गेला. पुढे गिनीजने हा विक्रमच बंद केला, लोकांनी कान फोडून घ्यायला प्रोत्साहन नको म्हणून. त्याच बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड नंतर वर्षानुवर्षं आपल्या बिघडलेल्या कानांबद्दल बोलत आला आहे.

आपल्या मराठी ऑर्केस्ट्राला ही सबब लागू पडत नाही. तिथे काय असतं? दोन कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम), बेस, गिटार, एखादी ढोलकी किंवा तुंबा. कीबोर्डला स्वतःचा आवाज नाही. ऑक्टोपॅडची वायर काढली तर रबरावर काठी आपटल्यासारखं टकटक ऐकू येईल, बस. म्हणजे आवाजाचा जवळजवळ प्रत्येक थेंब मिक्सरच्या खटक्यांतून जातो. तो किती असावा हे सर्वस्वी एका माणसाच्या बोटांत आहे. असं असून मध्यंतरानंतर कानठळ्या बसतात, याचा अर्थ कुणीतरी तसं ठरवलेलं असतं.

किंवा कुणीच ठरवलेलं नसतं, आणि हेच जास्त वेळा होतं. कुठल्याही कार्यक्रमात गायकाचा डावा हात बघत राहा. पहिल्या कडव्यातच त्याची तर्जनी वर होते, नजर विंगेकडे. मॉनिटर वाढव. मग कीबोर्डवाल्याचं बोट वर. ढोलकीवाला हाताने जमत नाही म्हणून भुवयांनी सांगतो. बोट खाली दाखवणारा कलाकार मी फार क्वचित पाहिला आहे, आणि तो बहुतेक शास्त्रीय गाणारा असतो, तबला कमी कर म्हणणारा. प्रत्येकाला थोडं जास्त हवं असतं, बेरीज कुणीच करत नाही. त्यात मोठा आवाज तासभर ऐकल्यावर कान तात्पुरते बधिर होतात. ऑपरेटरचेही. दुसऱ्या भागात त्याला तोच आवाज कमी वाटतो आणि तो प्रामाणिकपणे खटका वर सरकवतो. तो बसलेला असतो मागे, शेवटच्या रांगांजवळ. पहिल्या तीन रांगांत, स्पीकरच्या तोंडासमोर, काय चाललंय ते त्याला कळायला मार्ग नाही. त्या रांगांत कोण बसतं? प्रमुख पाहुणे, ज्येष्ठ नागरिक आणि सर्वांत महाग तिकीट काढलेले लोक.

भर म्हणून वॅटची जाहिरात. मांडववाल्याच्या पत्रकावर ‘पन्नास हजार वॅट’ छापलेलं असतं आणि यजमानाला वाटतं आपण दुप्पट पैशांत दुप्पट आवाज घेतला. दुप्पट वॅटने आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, तेवढा फरक कानाला जेमतेम कळतो. हे ३ डेसिबल लक्षात ठेवा, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे.

अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे: ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास. प्रत्येक ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा, १०० ला पाव तास. १०० डेसिबलचा तीन तासांचा कार्यक्रम म्हणजे दिवसाच्या मात्रेच्या बारापट. हेच उलट वाचलं तर गंमत कळते. ऑपरेटरने आवाज ३ डेसिबलने खाली आणला तर श्रोत्यांतल्या बहुतेकांच्या ते ध्यानातही येणार नाही, पण कानावर पडणारी ऊर्जा निम्मी होईल. ६ ने आणला तर चौथा हिस्सा. लोकांची मजा आणि लोकांचे कान यांत निवड करायची वेळ येतच नाही; पहिल्या काही डेसिबलची सूट फुकट मिळते. ती कुणी मागत नाही, एवढंच.

कान एका कार्यक्रमाने जात नाहीत, हेही सांगून टाकतो, उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. निऑशचं गणित रोज, चाळीस वर्षं काम करणाऱ्यासाठी आहे. आतल्या कानात शंखासारख्या नळीत आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाने त्या थकतात, रात्री कानात शीळ वाजत राहते, कापूस भरल्यासारखं वाटतं, आणि सकाळपर्यंत सगळं पूर्ववत होतं. निदान वाटतं तसं. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की ऐकू येण्याची चाचणी पूर्ववत आली तरी केसपेशींना मेंदूशी जोडणाऱ्या मज्जातंतूंचे जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात हे नेमकं किती होतं यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण शांत खोलीत सगळं ऐकू येतं आणि चार माणसं एकदम बोलायला लागली की शब्द कळत नाहीत, ही तक्रार करणारे पन्नाशीचे लोक तुमच्याही घरात असतील.

तर वर्षातून चार कार्यक्रम ऐकणाऱ्याचा धोका मर्यादित. मग रोज कोण ऐकतं? इथे मला कॅटरिंगच्या मुलांबद्दल बोलायचं आहे.

लग्नसराईत एका बँक्वेट हॉलमध्ये सलग दिवस कार्यक्रम असतात. पाहुणे बदलतात, बँड बदलतो, मुलं तीच. स्टार्टरचा ट्रे घेऊन अठरा-वीस वर्षांचा मुलगा संध्याकाळी सातपासून बारापर्यंत स्पीकरसमोरून ये-जा करतो. मी एकदा अशा एका मुलाला पाणी मागितलं. त्याने माझ्या ओठांकडे बघितलं, मान हलवली आणि पाणी आणलं. त्याला ऐकू आलं नव्हतं; त्याला ओठ वाचायची सवय झाली होती. त्याच्या जोडीला हॉलचा मॅनेजर, दारावरचा बाउन्सर, लाइटवाला, फोटोग्राफर, आणि स्वतः वाजवणारे. कारखान्यात मशीनजवळ उभ्या राहणाऱ्या कामगाराला आवाजाची मर्यादा आहे: आठ तासांना ९० डेसिबल, त्यापुढे मालकाला काहीतरी करावं लागतं. हॉल हा कारखाना नाही, म्हणून तिथल्या मुलाला ती मर्यादा नाही. तोच आवाज लेथचा असता तर निरीक्षक आला असता. गाण्याचा आहे म्हणून त्याला आपण आनंद म्हणतो आणि पुढे जातो.

युरोपने इथे आधी विचार केला. कामाच्या जागी आवाज किती असावा याचा युरोपीय निर्देश २००३ चा. संगीत आणि करमणुकीच्या धंद्याला त्यात तयारीसाठी मुदत मिळाली आणि २००८ पासून वादक, वेटर, ऑपरेटर सगळे त्याच्या कक्षेत आले. मग लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधला एक व्हायोला वादक न्यायालयात गेला. २०१२ मध्ये वॅग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेराच्या तालमीत त्याला ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, वाजवणाऱ्यांच्या पुढ्यात बसवलं होतं आणि त्याचे कान कायमचे बिघडले. संस्थेचं म्हणणं होतं की कलेसाठी एवढा आवाज अटळ आहे. २०१८ मध्ये न्यायालयाने ते मानलं नाही, पुढच्या वर्षी अपिलातही जबाबदारी संस्थेवरच राहिली. तिथे ना अँप होता, ना स्पीकर. नुसती वाद्यं. तरीही मालकाला सुटका नाही.

श्रोत्यांसाठी फ्रान्समध्ये पंधरा मिनिटांची सरासरी १०२ डेसिबल, लहान मुलांच्या कार्यक्रमांना ९४. स्वित्झर्लंडमध्ये तासाची सरासरी ९३ च्या वर गेली की इअरप्लग फुकट द्यावे लागतात, आणि १०० ही कमाल. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये अशा जागांसाठी मानक काढलं: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या आत, आवाज चालू कार्यक्रमात मोजत राहणं, हॉलची ध्वनिरचना सुधारणं, इअरप्लगची सोय, थोडा वेळ बसायला शांत खोली, कर्मचाऱ्यांना माहिती. १०० हा आकडाही तडजोडीचाच आहे, वरचं पाव तासाचं गणित आठवा. म्हणून तर त्याच्याबरोबर इअरप्लग आणि शांत खोली जोडलेली आहे. पण आपल्याकडे तडजोड करायलाही आकडा नाही.

तोवर काय करायचं, असं विचाराल तर थोडक्यात सांगतो. कापसाच्या बोळ्याने जवळजवळ काही होत नाही. मेडिकलच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग चांगले, पण ते नीट बसवावे लागतात: बोटांत वळून बारीक करायचे, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी अडकवला तर शोभेचा. फोमने गाणं गोधडीतून ऐकल्यासारखं होतं, ते ज्यांना नको त्यांच्यासाठी संगीताचे खास प्लग असतात, सगळ्या पट्ट्या सारख्या प्रमाणात कमी करणारे. तान्ह्या मुलाला स्पीकरजवळ नेऊ नका; नेलंच तर त्याच्या कानांवर इअरमफ चढवा, लोक हसले तर हसू देत. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज धोक्याच्या पट्टीत आहे, याला कुठलंही यंत्र लागत नाही. आणि जागा बदला. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात. बंद हॉलमध्ये तेवढे नाहीत, पण काही तरी.

हे सगळं मी करतो आणि प्रत्येक वेळी मनात येतं, की गाणं ऐकायला जाताना ते न ऐकण्याचं साहित्य खिशात का न्यायचं?

मर्यादा आणायला विधानसभेपर्यंत जायचीही गरज नाही. महाराष्ट्रातली बरीचशी नाट्यगृहं महापालिका आणि नगरपालिकांची आहेत. त्यांचा भाडेकरार वाचला आहे का? भिंतीला खिळा मारू नये, रंगमंचावर नारळ फोडू नये, आत खाद्यपदार्थ नेऊ नयेत, वेळ संपल्यावर तासाला जादा भाडे. त्यात आणखी एक ओळ घालायची: मिक्सरजवळ मोजलेली पंधरा मिनिटांची सरासरी अमुक डेसिबलच्या वर गेल्यास अनामतीतून कपात. माझ्या मते ९६ ठेवावी, कारण पहिल्या रांगेत ती त्याहून जास्तच असणार. मीटर हॉलचा, भिंतीवर लावलेला, आकडा प्रेक्षकांनाही दिसेल असा. खासगी बँक्वेट हॉलवर पालिकेची मालकी नाही, पण त्यांचे परवाने तिच्याकडून जातात. रिसेप्शनचं बुकिंग करणारा यजमान तर आजही बँडच्या करारात हे लिहून घेऊ शकतो. मेन्यूवर तो तीन बैठका घेतो, आवाजावर एक वाक्य लिहायला काय हरकत आहे?

ऑपरेटर मंडळी याला विरोध करतील असं सगळे गृहीत धरतात. मला तसं वाटत नाही. चांगल्या ऑपरेटरला आज नाही म्हणायला काही आधार नसतो. गायक बोट वर करतो, आयोजक मागून येऊन खांद्यावर टकटक करतो, ‘अजून थोडा चढव रे, माहोल बनत नाहीये’, आणि पुढच्या कार्यक्रमाची सुपारी याच आयोजकाच्या हातात असते. भिंतीवर आकडा असला आणि तो ओलांडला की अनामत जाणार असली, तर त्याला उत्तर देण्याऐवजी नुसतं भिंतीकडे बोट दाखवता येईल.